चरखे थांबेपर्यंत

मल्लेश गेल्याची बातमी मला नाक्यावर कळली. मी जकात खात्यात नोकरीला आहे आणि त्या आठवड्यात अक्कलकोट रस्त्याच्या नाक्यावर माझी सकाळची पाळी होती. कुंभारीकडून शेंगांची पोती घेऊन आलेला एक गाडीवान पावतीची वाट बघत उभा होता. तो सहज बोलल्यासारखं म्हणाला, "सायेब, ढवळ्याला मारनारं मानूस ग्येलं म्हनं की." मला समजेना. "कोण गेलं?" "आवो, त्ये विहिरीची पुस्तकं लिवनारं. तुमच्याच गल्लीतलं न्हाय का? लई वंगाळ झालं." आदल्या संध्याकाळीच मी त्याला दवाखान्यात बघून आलो होतो. मी पावती पुरी केली, आकडा पुन्हा एकदा तपासला, गाडी सोडली आणि मग खुर्चीत बसलो… ढवळ्या हा मल्लेशच्या तिसऱ्या कादंबरीतला बैल. तो मेला त्याला आता दहाएक वर्षं झाली असतील, पण त्या गाडीवानाने अजून मल्लेशला माफ केलेलं नव्हतं. कादंबरीकाराला याहून चांगली श्रद्धांजली मी तरी ऐकलेली नाही. त्यानंतर जे ऐकलं आणि पाहिलं, त्याची मात्र मला किळस आली आहे आणि ती अजून गेलेली नाही.

या पुरवणीच्या संपादकांनी मला 'हृद्य आठवणी' लिहायला सांगितलं. गोड करून लिहिण्याची मला सवय नाही. झालं तसं लिहितो.

मल्लेश इरय्या हा आमच्या गल्लीतला, वयाने माझ्याच बरोबरीचा. विणकराचं घर, घरात तेलुगू, गल्लीत मराठी, शाळा सातवीपर्यंत. चादरीच्या कारखान्यात तो नक्षीचे पुठ्ठे पाडायचा. चादरीवरचा मोर किंवा कमळ आधी चौकटींच्या कागदावर काढायचं, मग एकेका चौकटीप्रमाणे पुठ्ठ्याला भोकं पाडायची आणि ते पुठ्ठे मागावर चढवायचे, असं ते काम. एक भोक चुकलं तर मोराची मान मोडते. अशी नजर असलेल्या माणसाने राक्षस, जादू, खरंखोटं ओळखणाऱ्या विहिरी यांच्या कादंबऱ्या लिहाव्यात याचं लोकांना नवल वाटे. मला वाटलं नाही. त्याच्या कारखान्यातल्या चौकटींच्या कागदावरच त्याने आपल्या राज्याचा नकाशा काढला होता. एक चौकट म्हणजे एक कोस. त्या राज्यात सात विहिरी आहेत. विहिरीवर वाकून जो खरं बोलेल त्यालाच पाणी मिळतं. राजाने खोटं बोलणं हाच कायदा केला आहे आणि म्हणून एकेक विहीर आटत चालली आहे. गवरा नावाची पाणक्याची मुलगी खरं बोलत या विहिरीवरून त्या विहिरीवर जाते. सहा कादंबऱ्या एवढ्याच गोष्टीवर उभ्या आहेत. त्यांत जादू भरपूर आहे, पण फुकटची जादू एकही नाही.

त्याची लिहिण्याची पद्धत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मल्लेश प्रकरण आधी लिहून काढायचा आणि सुट्टीच्या दिवशी घरामागच्या अंगणात बायकांना सांगायचा. त्या अंगणात त्याची बायको लक्ष्मीवहिनी, त्याची चुलती नरसम्मा आणि शेजारच्या दोघी-तिघी चरख्यावर कांड्या भरत बसत. मागाच्या धोट्यात सूत घालायचं ते या कांड्यांवर गुंडाळून, आणि कांड्यांचा हिशेब नगावर असल्यामुळे कुणी हात थांबवत नसे. मल्लेश मराठीत सांगे, अडलं की तेलुगूत जाई, परत मराठीत येई. बायका मान वर करत नसत. प्रकरणात कुठे तरी चरखे आपसूक थांबले तर ते प्रकरण छापायला जायचं. चरखे शेवटपर्यंत फिरतच राहिले तर कागद न्हाणीच्या बंबात. याला अपवाद नव्हता. मी एकदा म्हटलं, "अरे, चांगलं होतं की प्रकरण. वाक्यं किती सुंदर होती." तो म्हणाला, "जकातवाले, सुंदर वाक्य ऐकत ऐकत कांडी भरता येते." तो मला मुद्दाम अहोजाहो करी आणि नावाऐवजी 'जकातवाले' म्हणे. नरसम्मा सगळ्यांत कडक. एकदा राक्षसाने अख्खं गाव गिळलं तरी तिचा चरखा फिरतच होता. मल्लेशने चिडून चुलतीला विचारलं, "चिन्नम्मा, गाव गिळलं ना त्यानं!" ती म्हणाली, "गिळलं तर गिळलं. त्या गावात माज्या वळकीचं कोन होतं?" त्या गावातल्या एका म्हातारीला मल्लेशने पुढच्या सुट्टीपर्यंत नाव दिलं, घर दिलं, दारात शेळी बांधली. मग राक्षस आला आणि चरखा थांबला.

माझं काम मोजणीचं. बैलगाडीत किती पोती बसतात, भरल्या गाडीला किती वेळ लागतो, चढावर बैल कुठे दम टाकतात हे मी रोज पाहतो. तिसऱ्या कादंबरीत मिठाचा तांडा किल्ल्यावर पोचतो तो नकाशाप्रमाणे फार लवकर पोचत होता. मी तसं सांगितलं. मल्लेशने नकाशा काढला आणि चौकटी मोजल्या. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, 'कल्पनाच आहे, चालतंय.' तो म्हणाला, "मग वाटेत काय तरी अडलं असलं पाहिजे." आणि तांड्याला उशीर व्हावा म्हणून ढवळ्या बैल वाटेत बसला आणि उठलाच नाही. ते प्रकरण त्याने अंगणात सांगितलं तेव्हा सगळे चरखे एकदम बंद पडले होते. नरसम्मा उठून आत गेली आणि जाताना मला म्हणाली, "तुमीच मारला त्याला. तुमाला काय गरज होती मोजायची?"

या माणसाला आपल्या शहराने काय दिलं? ज्या वाचनालयाचा तो वर्गणी भरणारा सभासद होता, तिथे त्याची पुस्तकं बालविभागाच्या कपाटात ठेवलेली होती. मोठ्या सभासदांना ती घरी न्यायची झाली तर मुलाच्या नावाने न्यावी लागत. वाचनालयाच्या अध्यक्षांना मी स्वतः विचारलं होतं. ते शहरातले नावाजलेले साहित्यप्रेमी, कुठल्याही सभेत पहिल्या रांगेत बसणारे. ते हसून म्हणाले, "अहो, राक्षस आहेत ना त्यात? मग मुलांचंच झालं ते." मी म्हटलं, "साहेब, त्यात राजा तहानेवर बंदी घालतो. 'मला तहान लागली' असं म्हणणाऱ्याला शिक्षा होते. हे मुलांचं?" ते म्हणाले, "तुम्ही पुस्तकं फार मनावर घेता." त्यांनी त्यातलं एकही वाचलं नव्हतं, हे ते अभिमानाने सांगत.

सहावी कादंबरी त्याने बाहत्तरच्या दुष्काळानंतर लिहिली. नळावरच्या रांगा आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत, त्यावर मी नव्याने काय लिहू? मल्लेश त्या रांगेत घागर घेऊन उभा राहायचा आणि लोकांचं बोलणं ऐकायचा. त्या कादंबरीच्या शेवटी गवरा सहाव्या विहिरीत उतरते आणि परत येत नाही. ते प्रकरण त्याने अंगणात सांगितलं त्या दिवशी कुणी पुन्हा कामाला लागलंच नाही. मल्लेशने स्वतः चहा केला, आणि तोही कुणी धड प्यायलं नाही.

पुस्तक छापून आलं. गठ्ठा सोडून मल्लेशने शेवटची पानं उघडली आणि मला हाक मारली. गवरा विहिरीत उतरते तिथे त्याचं लिखाण संपत होतं. त्यापुढे दोन पानं जास्तीची होती. आकाशातून एक परी येते, तिच्या हातात अमृताचा कलश असतो, गवरा डोळे चोळत उठते आणि राजकुमाराशी तिचं लग्न लागतं. प्रकाशकांनी हे दुसऱ्याकडून लिहून घेतलं होतं. मल्लेशने जाब विचारल्यावर उत्तर आलं की वाचकाला दुःखात सोडणं बरं नव्हे आणि लेखकाने एवढं हळवं असू नये. मल्लेशने पुठ्ठे कापायची सुरी घेतली आणि आपल्याकडच्या प्रत्येक प्रतीतून ती दोन पानं शिवणीपाशी कापून काढली. इतक्या सफाईने, की काही कापलंय हे कळूही नये. मग तो वाचनालयात गेला आणि बालविभागातली प्रत घेऊन तिथेही तेच करायला बसला. त्याला पकडलं. ग्रंथपालाने आरडाओरडा केला, अध्यक्षांना बोलावलं. मल्लेश म्हणाला, "पुस्तक माझं आहे." अध्यक्ष म्हणाले, "पुस्तक संस्थेचं आहे. तू फक्त लिहिलंस." त्याचं सभासदत्व रद्द झालं आणि 'पुस्तके फाडणाऱ्या इसमापासून सावध' अशी सूचना त्याच्या नावानिशी फळ्यावर लागली. ती किती तरी दिवस तिथे होती. मी ती काढायला सांगायला गेलो, तेव्हा मला नियमावली दाखवण्यात आली.

त्यानंतर मल्लेशने कुणालाच काही छापायला दिलं नाही. कारखान्यात पुठ्ठे पाडायचा, दमा सांभाळायचा आणि सातवी, शेवटची कादंबरी लिहायचा. एकेक प्रकरण अंगणात सांगून झालं. बंबात गेलेली प्रकरणंही बरीच. वहिनी म्हणायच्या, "आमच्या घरी आंगोळीला पानी लवकर तापतंय." दवाखान्यात मी शेवटचा भेटलो तेव्हा त्याला धड बोलता येत नव्हतं. थांबत थांबत म्हणाला, "जकातवाले… शेवटचं प्रकरण लिहून झालंय. चरख्यांना ऐकवायचं राहिलं." मी म्हटलं, "घरी आल्यावर ऐकव." त्याने मान हलवली. हो म्हणाला की नाही, ते मला कळलं नाही.

शोकसभा त्याच वाचनालयात झाली. ज्या फळ्यावर त्याचं नाव लागलं होतं त्याच फळ्यावर रंगीत खडूने 'थोर बालसाहित्यिकास भावपूर्ण श्रद्धांजली' असं लिहिलेलं होतं. एका शाळेची मुलं रांगेने आणून पुढे बसवली होती. त्यांना प्रार्थना म्हणायला लावली आणि शेवटी बिस्किटं वाटली. मुलांचा काय दोष? ती बिस्किटांकडे बघत होती आणि ते योग्यच होतं. अध्यक्ष बोलायला उठले. मल्लेश हा संस्थेचा 'जुना आणि निष्ठावंत सभासद' होता, असं त्यांनी सांगितलं. त्याच्या लेखणीतून 'बागडणाऱ्या पऱ्या' उतरत, असंही सांगितलं. सहा कादंबऱ्यांत मिळून मल्लेशने एकही परी लिहिलेली नाही. जी एक आहे ती प्रकाशकाची आहे, आणि हातात सुरी घेऊन मल्लेश तिलाच काढायला या इमारतीत आला होता. मी उभा राहून एवढंच विचारलं, "साहेब, त्याचं सभासदत्व पुन्हा कधी चालू झालं?" मग कुणी तरी मागून म्हणालं, "प्रसंग काय, बोलतात काय." लक्ष्मीवहिनी खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांच्या गळ्यात हार घालायला कुणी तरी पुढे झालं होतं… विधवेच्या गळ्यात हार! तो त्यांनी हाताने अडवला आणि शेजारच्या खुर्चीवर ठेवून दिला. मला तिथे बसवेना. अंगावर काही तरी सांडल्यासारखं वाटत होतं, आणि घरी येऊन मी खरोखरच हातपाय धुतले.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. पण सातवी कादंबरी घरात आहे हे गल्लीला माहीत होतं, आणि गल्लीला माहीत असलेलं प्रकाशकांपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. दिवसपाणी उरकल्यावर काही दिवसांनी ते स्वतः आले, आणि वाट दाखवायला अध्यक्ष. वहिनी अंगणात कांड्या भरत होत्या. नरसम्मा होती, शेजारच्या दोघी होत्या. मला निरोप देऊन बोलावलं होतं. प्रकाशकांनी अंगणातल्या बाजेवर बैठक मारली आणि मोठ्या मनाने म्हणाले, "चालू द्या, चालू द्या. आमच्यासाठी काम थांबवू नका." कुणी थांबलेलंही नव्हतं.

त्यांना हस्तलिखित हवं होतं आणि शेवट बदलायची संमती हवी होती. मल्लेशचा शेवट काय आहे हे त्यांना माहीतही नव्हतं. पण तो उदास असणार अशी त्यांची खात्री होती, म्हणून त्यांनी दुसरा शेवट तयार करून आणला होता. तो त्यांनी वाचायला घेतला. आवाज चांगला होता त्यांचा. सातव्या विहिरीवर काळे ढग जमतात, गवरा परीच्या रूपात अवतरते, पाऊस कोसळतो, दुष्ट राजा तिच्या पाया पडतो, प्रजा नाचते. अध्यक्षांनी डोळे मिटून मान डोलावली. चरखे फिरत होते. प्रकाशकांनी आवाज चढवला, चरखे फिरत होते. वाचून संपलं तेव्हा अंगणात चरख्यांच्या घरघरीशिवाय काही नव्हतं. प्रकाशक समाधानाने म्हणाले, "बघा, किती तल्लीन झाल्यात सगळ्या."

नरसम्माने हात न थांबवता विचारलं, "ती परी कुटनं आली म्हनाला?"

"आकाशातून, आजी."

"मग इतकी मानसं तानेनं मेली तवा कुटं होती ती? झोपली होती?"

अध्यक्ष हसले. "आजी, ही कल्पना असते."

"व्हय का," नरसम्मा म्हणाली आणि तिने नवी कांडी लावली.

प्रकाशक वहिनींकडे वळले. "मग वहिनी, काय ठरलं? संमती समजायची ना?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "भावजी, पावन्यांना च्या दिला का?"

"दिला, वहिनी."

"मग झालं की."

पाहुण्यांना हे उत्तर वाटलं नाही. ते आणखी थोडा वेळ बसले, नाव अजरामर होण्याबद्दल बोलले. मल्लेशला 'पुस्तके फाडणारा इसम' म्हणणाऱ्या फळ्याची मी आठवण करून दिली तेव्हा अध्यक्षांनी छत्री उचलली. दारापर्यंत गेल्यावर प्रकाशक मला हलक्या आवाजात म्हणाले, "बायकामाणसांचं लक्षच नव्हतं हो. तुम्ही नीट समजावून सांगा त्यांना." मी म्हटलं, "त्यांनी नीट ऐकलंय. उत्तर नाही असं आहे." दार लावल्यावर मला पहिल्यांदा बरं वाटलं, पण ते फार टिकलं नाही. कारण मल्लेशचं स्वतःचं शेवटचं प्रकरण अजून कुणी ऐकलेलं नव्हतं आणि नियम त्यालाही लागू होता.

मी वहिनींना म्हटलं, "त्याचा शेवट आपण तसाच ठेवू. अंगणात वाचायची काही गरज नाही. तो आता नाही."

त्या म्हणाल्या, "न्हाई भावजी. वाचा. त्यांनी न वाचता एक पान भाईर दिलं नव्हतं."

"आणि चरखे थांबले नाहीत तर?"

"तर बंबात." त्यांनी पदर खोचला. "मग त्या परीवाल्यात आन आमच्यात फरक काय राहिला?"

मी वाचन करणारा माणूस नाही. माझा आवाज पावतीवरचा माल वाचून दाखवण्याचा. मल्लेशसारखं तेलुगूत जाऊन परत येणं मला जमत नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी मी मल्लेशच्या जागी, भिंतीला टेकून बसलो आणि वाचायला लागलो. सातव्या विहिरीवर राजा येतो, सगळी प्रजा मागे रांगेत उभी आहे. राजाला खरं बोलायचं आहे, पण खरं म्हणजे काय हे त्याला आठवत नाही. मंत्री त्याच्या कानात एकेक वाक्य सांगतो, राजा ते विहिरीत ओरडतो, विहीर गप्प. चरखे फिरत होते. दोन पानं झाली, तीन झाली. चरखे फिरत होते. मला वाटलं, हे माझ्या आवाजामुळे होतंय, याची शिक्षा मल्लेशला होणार. डावीकडे न्हाणीतला बंब मला दिसत होता आणि मी तिकडे बघायचं टाळत होतो.

मग रांगेतून एक म्हातारी पुढे येते. राजाला बाजूला व्हायला सांगते, रिकामी घागर काठावर ठेवते आणि विहिरीवर वाकून, ज्या वाक्याला त्या राज्यात शिक्षा होती ते म्हणते, 'मला तहान लागली आहे.' एवढंच. विहिरीत पाणी चढतं, पण घागरभरच. म्हातारी घागर भरून घेते, पीत नाही. वळून रांगेतल्या पुढच्या माणसाला विचारते, 'तुला काय खरं सांगायचंय?' कादंबरी इथे संपते.

मी शेवटचा कागद उलटा ठेवला आणि तेव्हा लक्षात आलं की माझा आवाज मला फार मोठा ऐकू येत होता. शेजारच्या दोघींचे हात मांडीवर होते. नरसम्माचा चरखा बंद होता आणि तिचं तोंड माझ्याकडे नव्हतं, भिंतीकडे होतं. वहिनींचा चरखाही उभा होता. मी हिशेबी माणूस आहे, आपल्या मनाला वाटलं म्हणून मी काही खरं धरत नाही. दोरा तुटला की चरखा थांबतोच. म्हणून मी उठलो, वहिनींच्या चरख्यापाशी जाऊन वाकलो आणि दोरा पाहिला.

दोरा शाबूत होता.